हरकत असल्यास लेखी कळवावे

ब्रेमेन औंधला आहे, अशी आमच्या थोरल्या वहिनींची ठाम समजूत होती आणि ती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. औंधात ब्रेमेन चौक आहे. वहिनी बसने त्या चौकातून कितीदा तरी गेल्या आहेत. त्यामुळे ‘मुलगा ब्रेमेनचा आहे’ असं पुतणीने जाहीर केलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा?” मुलगा जर्मनीतल्या ब्रेमेनचा आहे, ती पुण्याची सिस्टर सिटी म्हणून चौकाला तिचं नाव दिलंय, असा खुलासा झाल्यावर वहिनी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “सिस्टर सिटी? म्हणजे सगोत्रच झालं की.”

मुलगा पवनचक्क्यांचा इंजिनिअर. पुतणी वकील, शिवाजीनगर कोर्टात जमिनीचे दावे चालवते. या दोघांची गाठ कुठे पडावी? तर साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर. पवनचक्की फिरते वाऱ्यावर, पण उभी राहते सातबाऱ्यावर, आणि या सातबाऱ्यावर तीन बहिणींची नावं लागलेलीच नव्हती. पुतणी त्या बहिणींची वकील. जर्मन इंजिनिअरने भाबडेपणाने विचारलं, “यांची नावं गळाली कशी?” ती म्हणाली, “लग्न करून गेल्या म्हणून.” त्याला हे पटेना. त्याला ते पटवून देण्यात दोन पावसाळे गेले आणि त्यातून हे प्रकरण उभं राहिलं.

घरात तातडीने समिती बसली. आमच्या घराण्यात मुलीने स्वतः काही ठरवलं की समिती बसते, मुलाने ठरवलं की पेढे येतात. समितीत जर्मनीतज्ज्ञ म्हणून चुलतभावाची नेमणूक झाली. तो सहल कंपनीबरोबर युरोप करून आलाय. त्याने पाहिलेल्या जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधलं कुकू घड्याळांचं दुकान, कोलोनचं चर्च आणि हमरस्त्यावरची पैसे घेणारी स्वच्छतागृहं एवढंच आहे. तिथून आणलेलं घड्याळ त्याच्या हॉलमध्ये आहे, त्यातला पक्षी दुसऱ्याच महिन्यात आत गेला तो परत आलेला नाही. “शिस्तीचे लोक आहेत,” एवढा अहवाल त्याने दिला. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर निमंत्रण नसताना आले आणि युरोचा भाव सांगून गेले. आत्या म्हणाल्या, “यात ठरवायचं काय? लग्न झालं की मुलीने जायचंच असतं. मी नाही का आले कऱ्हाडहून?” आत्यांच्या मते कऱ्हाड ते पुणे आणि पुणे ते ब्रेमेन यात फरक असलाच तर तो तिकिटाचा.

थोडक्यात, पहिल्याच बैठकीत एक ठराव न मांडताच मंजूर झाला: जाणार ती. चर्चा उरली ती सामानाची. मेतकूट किती, गोडा मसाला किती, कुकर तिथे मिळतो का. त्याचं काम जिथे वारा आहे तिथे चालतं, पवनचक्क्यांच्या कंपन्या पुण्यातही आहेत. हिचं काम मात्र लोहगाव विमानतळाच्या अलीकडेच संपतं. फेरफार, हक्कसोडपत्र, कूळकायदा, सर्च रिपोर्ट ही सगळी विद्या तेवीस किलोत बसते, पण जर्मनीत तिला कुणी विचारत नाही. तिथे त्यांच्या कायद्याची वकिली करायची तर राज्याच्या दोन परीक्षा, मध्ये उमेदवारी, आणि सगळं जर्मनमधून. हा मुद्दा मी बैठकीत मांडला. मॅनेजर म्हणाले, “मग तिथे योगाचे क्लास घेईल.” पुतणीला साधी पाठ टेकून मांडी घालता येत नाही. पण परदेशी गेलेल्या प्रत्येक मराठी मुलीच्या पोटात एक योगशिक्षिका लपलेली असते, असा सोसायटीचा समज आहे.

आता सरकारांकडे येऊ. जर्मन नवऱ्याबरोबर जर्मनीत राहायचं तर बायकोने निघण्याआधी जर्मन भाषेची ए-वन परीक्षा पास व्हायला लागते. २००७ पासूनचा नियम आहे. परदेशी मुलींवर लग्नाची सक्ती होऊ नये हा त्यामागचा एक जाहीर हेतू. सक्तीच्या लग्नाला आळा बसावा म्हणून परीक्षेची सक्ती, यात विसंगती शोधणाऱ्याला सरकारी नोकरी मिळणार नाही. गंमत पुढे आहे. हिंजवडीचा सॉफ्टवेअरवाला ब्लू कार्डवर म्युनिकला गेला, तर त्याच्या बायकोला ही परीक्षा माफ. पोलंडचा माणूस कामाला म्हणून बर्लिनला राहत असेल, तर त्याच्या बायकोलाही माफ. जपानी, कोरियन, अमेरिकन मुलीने जर्मनाशी लग्न केलं तरी माफ. मग परीक्षा कुणाला? आपल्या मुलीने खुद्द जर्मनाशी संसार मांडला तर. म्हणजे जिच्या घरात जर्मन बोलणारा माणूस चोवीस तास उपलब्ध आहे, तिनेच आधी क्लास लावायचा.

पुतणीने लावला. मॅक्सम्युलर भवनात. शेजारच्या बाकांवर एमएसला निघालेली मुलं. परीक्षेत स्वतःचं नाव एकेक अक्षर करून सांगायचं, फोन नंबर सांगायचा, एक फॉर्म भरायचा, मैत्रिणीला दोन-चार ओळींचं पत्र लिहायचं, चित्राचं कार्ड दाखवलं की त्यातली वस्तू विनंतीपूर्वक मागायची. शंभरापैकी साठ गुण. जी बाई परवा प्रतिकूल कब्ज्यावर पाऊण तास बोलली आणि समोरच्या वकिलाला तारीख मागायला लावली, ती संध्याकाळी कार्डावरची बाटली बघून ‘कृपया मला पाणी द्याल का’ याचा सराव करते. साठ गुण मिळतीलच. आमचे आडनाव जोडाक्षरांचे, ते सांगण्यात मात्र निम्मा वेळ जाणार.

कागदपत्रांची कथा आणखी रसाळ आहे. भारत २००५ साली अपोस्टिल करारात सामील झाला. त्या शिक्क्याचे कागद करारातले देश मुकाट मान्य करतात. जर्मनीने मात्र आपल्या बाबतीत हरकत घेतली. त्यामुळे जर्मनीत लग्न लावायचं म्हटलं तर जन्माचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला खरा आहे की नाही, हे बघायला त्यांच्या वकिलातीने नेमलेला माणूस हिंडतो. दाखला देणाऱ्या कचेरीत जातो, शाळेत जातो, शेजारीपाजारी विचारतो. खर्च अर्थातच आपला. चुलतभावाला हे ऐकून फार बरं वाटलं. “म्हणजे चौकशी करतात! चांगलं घराणं दिसतंय.” मुलीची माहिती काढायला लांबचा मामा उगाच सोसायटीत येऊन जिन्यात रेंगाळायचा, ती आमची जुनी पद्धत जर्मन प्रजासत्ताकाने युरोमध्ये चालू ठेवली आहे. तो माणूस आलाच, तर पहिल्यांदा वॉचमनला भेटेल आणि वॉचमन त्याला तिसऱ्या मजल्यावर पाठवेल. मॅनेजर त्याला पुतणीचं वैवाहिक पूर्ववृत्त सांगणार नाहीत. २०१४ सालचा पार्किंगचा वाद सांगतील, नकाशासकट.

शिवाय तिथे लग्नाला स्वतःच्या देशाने दिलेला विवाहयोग्यतेचा दाखला लागतो. जर्मनांना हवा तसा दाखला भारत देत नाही, म्हणून तिथल्या उच्च प्रादेशिक न्यायालयाकडून सूट मिळवायची. या सगळ्याला कंटाळलेली जोडपी काय करतात? शेजारच्या डेन्मार्कमध्ये एरो नावाच्या चिमुकल्या बेटावर जातात आणि तिथे लग्न लावून येतात. पळून जाऊन आळंदीला लग्न लावणारी पुण्याची पोरं आणि एरोला जाणारे युरोपचे नोकरदार, यांच्यात मला तरी फरक दिसत नाही. आपल्याकडेही विशेष विवाह कायदा १९५४ चा आहेच: दोघांपैकी एकाने जिल्ह्यात तीस दिवस राहायचं, नोटीस द्यायची, ती कचेरीच्या फळ्यावर लागणार, पुन्हा तीस दिवस कुणाची हरकत येते का बघायचं, आणि मग तीन साक्षीदार. दोन देशांची दोन सरकारं, पण दोघांनाही तुमच्या लग्नाची हौस तुमच्या आत्यापेक्षा कमी.

पुतणीने मात्र प्रेमाच्या भरात कायदा वाचायचा सोडला नाही. तिला दोन कलमं सापडली. पहिलं: नवऱ्याच्या आधाराने मिळालेला राहण्याचा परवाना स्वतःच्या पायावर उभा राहायला तिथे साधारण तीन वर्षं एकत्र संसार व्हावा लागतो. त्याआधी बिनसलं, तर फार मोठी आपत्ती दाखवल्याखेरीज परवानाही गेला. दुसरं: जर्मनीने जून २०२४ पासून दोन नागरिकत्वं चालवून घेतली आहेत, पण आपण नाही घेत. तिने जर्मन पासपोर्ट घेतला की भारताचं नागरिकत्व संपलं. ओसीआय कार्ड मिळेल, पण मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येणार नाही. तीन बहिणींना सातबाऱ्यावर आणणारी बाई आपल्या नावावर गुंठाभर शेत घेऊ शकणार नाही, हे तिने वाचून दाखवलं. आत्या म्हणाल्या, “शेत कशाला हवंय तुला? जावईबापूंचं घर आहे ना.” चाळकेवाडीच्या बहिणींनाही नेमकं हेच सांगितलं गेलं होतं.

उलट दिशेचा दाखलाही आमच्याच पुण्यात आहे. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांशी लग्न करून एडिथ कोहन १९२० साली इथे आली, शीलवती केतकर झाली. मराठी शिकली, ज्ञानकोशाच्या ओढगस्तीत संसार केला, विंटरनित्झच्या भारतीय साहित्याच्या इतिहासाचं जर्मनमधून इंग्रजी भाषांतर केलं आणि पुढे मराठीत ‘मीच हे सांगितलं पाहिजे’ हे आत्मकथन लिहिलं. नावातच सगळं आलं. तिच्याबद्दल पुणं अजून कौतुकाने बोलतं, ‘किती जुळवून घेतलं हो!’ तिथून आली तर तिनेच जुळवून घेतलं आणि इथून निघाली तर हिनेच घ्यायचं. जर्मनी आणि महाराष्ट्र यांच्यात शंभर वर्षं एवढं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं नाही.

जाता जाता ब्रेमेनचीच गोष्ट. ग्रिम बंधूंच्या कथेतले गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा गायनवादन करायला ब्रेमेनला निघतात. टाऊन हॉलच्या भिंतीशी त्यांचा १९५३ सालचा पुतळा आहे, लोक गाढवाचे पाय धरून इच्छा मागतात. पण कथेत ते चौघे ब्रेमेनला पोचतच नाहीत. वाटेत चोरांना हुसकावून त्यांच्या घरात मुक्काम ठोकतात. पुतणीच्या मते हा सरळसरळ बेकायदा कब्जा आहे, पण निर्णय चांगला आहे.

तर शेवटी तिने त्याला व्हिडिओ कॉलवर विचारलं, “तू का येत नाहीस पुण्याला?” स्क्रीन गोठली असं आम्हाला वाटलं. नेट ठीक होतं. तो वाईट माणूस नाही, भांडी घासतो, पोळ्या लाटायला शिकलाय. पण हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, त्याने स्वतःलाही नाही. त्याच्या आईने तर तिकडे कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून ठेवले होते. सासू ही संस्था कोणत्याही व्हिसाशिवाय जगभर हिंडते.

विचार करतो, म्हणाला. आणि खरंच करायला लागला. कंपनीने पाठवलं तर रोजगार व्हिसा. नवरा म्हणून आला तर एंट्री व्हिसा, ज्यावर नोकरी करता येत नाही. ओसीआयसाठी लग्न नोंदवून ते सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. एवढी माहिती त्याने स्वतः काढली आणि एक्सेलमध्ये भरून पाठवली. मला तो मुलगा तेव्हा पहिल्यांदा आवडला.

समितीत मात्र हाहाकार उडाला. “घरजावई?” आत्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. चुलतभावाचा आवाज चढला. मॅनेजर म्हणाले, “सोसायटीत भाडेकरू म्हणून नोंद करावी लागेल, पोलीस व्हेरिफिकेशनसह.” साडेसहा हजारांहून अधिक किलोमीटरवर जाऊन नवऱ्याच्या परवान्यावर राहणारी मुलगी म्हणजे चांगलं स्थळ. तेवढंच अंतर उलट चालून आलेला मुलगा म्हणजे घरजावई, आणि घराण्याची लाज.

मग पुतणीने आपल्या हस्ताक्षरात एक मसुदा लिहून सोसायटीच्या फळ्यावर लावला. तो जसाच्या तसा देतो:

“तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, आमची अशील (म्हणजे आम्ही स्वतः) व ब्रेमेन येथील एक इसम यांनी विवाह करण्याचे योजिले आहे. विवाहानंतर कोणी कोठे राहावे याबाबत उभयतांनी निर्णय घेतलेला नाही. सदर निर्णयावर कोणाचाही वारसा, वहिवाट, गहाण, दान, पोटगी वा अन्य कोणत्याही प्रकारचा हक्क अगर हितसंबंध असल्यास त्यांनी ही नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून १४ दिवसांचे आत लेखी कळवावे. सोबत, हरकतदार स्वतः लग्नासाठी आपले काम, भाषा व गाव सोडून गेल्याचा अस्सल पुरावा जोडावा. मुदतीत हरकत न आल्यास तशी ती नाही, व असल्यास ती सोडून दिली आहे, असे समजण्यात येईल. तोंडी, व्हॉट्सअ‍ॅपवरील व पंगतीतील हरकती विचारात घेतल्या जाणार नाहीत.”

मुदत काल संपली. लेखी हरकत एकच आली, थोरल्या वहिनींची, पुराव्यासकट: अठरा वर्षं केलेली सांगलीतली शाळेची नोकरी लग्नानंतर सोडल्याचं राजीनामापत्र, आणि खाली एक ओळ, ‘तू सोडू नकोस.’ पुतणीने ती हरकत मान्य करून दप्तरी दाखल केली आहे.