पाच ग्रॅमचा वक्ता

१८४२ मध्ये झाशीच्या ज्या गणेश मंदिरात गंगाधररावांशी मनूचं लग्न लागलं, त्या लग्नाच्या पंगतीला आमचे कुणी खापरपणजोबा हजर होते, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तिथे त्यांनी काय केलं? जेवले. झाशीच्या इतिहासात आमच्या घराण्याची कामगिरी एवढीच, आणि ती परंपरा सध्या मी एकटा चालवतो आहे. कमरेचा घेर १०८ सेंटिमीटर. आपल्याकडे पुरुषांना ९० च्या पुढे धोका सांगतात. शिवाय रक्तदाबाची रोजची गोळी.

डॉक्टरांनी आहाराच्या वर्गाला धाडलं. शिकवणारी मुलगी इथलीच, बुंदेलखंडी. "अंकलजी, दिन भर में पाँच ग्राम नमक. छोटा चम्मच, वो भी सपाट." जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तेवढीच आहे. त्यात आमटी-भाजीतलं आलं, कणकेतलं आलं, पापड, लोणचं, शेव, सगळं आलं. पापडखारातही सोडियमच. "मी सैंधव खातो," असं मी ऐटीत सांगितलं. सैंधवही शेवटी सोडियम क्लोराइडच, असं तिने तितक्याच शांतपणे सांगितलं.

पण वर्गात एक गोष्ट माझ्या फार कामाची निघाली. १९९७ मध्ये अमेरिकेत 'डॅश' नावाचा आहार लोकांना देऊन पाहिला. भरपूर फळं, भाज्या, कमी स्निग्धांशाचं दूधदुभतं. मीठ कमी न करताही रक्तदाब उतरला! घरी येऊन हे मी मीठ-मिरची लावून सांगितलं आणि पानात डावीकडे वाढलेल्या मिठात चिमूट घातली.

"त्यांना सकाळी माणिक चौकातली कचोरी देत होते का?" हिने विचारलं.

याच लोकांनी २००१ मध्ये मीठही कमी करून पाहिलं आणि रक्तदाब आणखी उतरला. हा भाग मी वर्गात ऐकला होता, घरी सांगितला नव्हता.

अर्धवट ज्ञान पोटात राहत नाही. गणेशोत्सवात आमच्या मंडळाला वक्ता हवा होता. मी 'मीठ : एक गोड शत्रू' असा विषय स्वतःच सुचवला. टेबलावर वाटीत पाच ग्रॅम मीठ मांडलं, शेजारी एक उडदाचा पापड, लिंबाच्या लोणच्याची फोड आणि मूठभर शेव. या तिघांतच अर्धी वाटी संपते, असं म्हणत मी बोलण्याच्या भरात पापड मोडला आणि खाल्ला. पुढच्या रांगेतली पोरं हसली. मला वाटलं, विषय रंगतो आहे. सन्नाट्यावर घसरलो. बुंदेली लग्नातलं ते झणझणीत पातळ ताक किती घातक, हे मी इतक्या चवीने सांगितलं की एक काकू मध्येच म्हणाल्या, "कृती सांगा ना."

मग मी घरच्या हिशेबाचा मंत्र दिला : दोन माणसांना रोज दहा ग्रॅम, म्हणजे मिठाची किलोची पिशवी शंभर दिवस पुरायला हवी.

"अहो, आपल्याकडे महिन्यात संपते," मागून आवाज आला. आवाज ओळखीचा होता.

तांब्याची भांडी घासायलाही जातं, असं मी म्हणालो. "भांडी स्टीलची आहेत," तोच आवाज.

व्याख्यानानंतर रक्तदाब तपासणी ठेवली होती. पहिला मान वक्त्याचा. वर्गातली तीच मुलगी यंत्र घेऊन बसलेली. पाठ टेकवा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, पाच मिनिटं गप्प. पाय ठेवले, पाठ टेकवली. गप्प बसणं काही जमेना. नियम सगळ्यांना कळावेत म्हणून मी ते मोठ्याने समजावून सांगत राहिलो. यंत्राने १६८ आणि १०४ दाखवले. हा बोलण्याचा परिणाम, असं मी म्हणालो. मग तिने मला खरोखर गप्प बसवून पुन्हा मोजलं. १६४ आणि १०२.

शाल, श्रीफळ आणि अर्धा किलो फरसाण देऊन माझा सत्कार झाला. आभार मानताना अध्यक्ष म्हणाले, "बरेच वक्ते नुसतं बोलतात. आजच्या वक्त्यांनी विषय स्वतःच्या उदाहरणाने पटवून दिला."