चौथी पास

दसऱ्याला आमच्या घरी कॉम्प्युटरची पूजा होते. आधी शिलाई मशीन, मग कॉम्प्युटर, आणि परडीत उरलेलं झेंडूचं फूल मिक्सरला. २०२५ साली २ ऑक्टोबरला दसरा होता. मी हळदकुंकू वाहून, फुलाच्या देठाने की-बोर्डची 'एस' अडकणार नाही अशा बेताने फूल ठेवून बटण दाबलं, तर पडद्यावर निरोप हजर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपत आहे.

"काय म्हणतोय?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"आधार संपतोय म्हणतोय."

"मग बँकेत जाऊन लिंक करून या ना. दुपारी गर्दी नसते."

आधार म्हणजे ते कार्ड नव्हे, हा आधार वेगळा, हे तिला समजावण्यात श्रीखंड वाढायची वेळ झाली. सुरक्षेची डागडुजी जी दर महिन्याला फुकट यायची ती यापुढे येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. यंत्र बंद पडणार नाही. "म्हणजे चालणार ना?" तिने विचारलं. चालणार. "मग झालं तर," म्हणून तिने विषय संपवला. आमच्या घरातले सगळे विषय या एका प्रश्नावर संपतात. गीझर, गुडघा, गावचा जमिनीचा वाद. चालतंय ना?

तारीख मात्र माझ्या डोक्यात रुतून बसली. कारण १४ ऑक्टोबर आम्हा मुलुंडकरांना चांगलीच लक्षात आहे. २०२४ साली त्याच तारखेच्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही वेशींवरचा टोल छोट्या गाड्यांना माफ झाला. त्यातली एक वेस आमच्या दाराशी. ठाण्याला मावशीकडे डोहाळजेवणाला जाऊन यायचं तर पंचेचाळीस रुपयांची पावती फाडणारे आम्ही लोक. आमच्याकडे स्वतःची गाडी नाही, तरीही त्या रात्री मला फार बरं वाटलं होतं. पुढच्या वर्षी बरोबर त्याच तारखेला दुसरा नाका बंद होणार होता. फरक इतकाच, की या नाक्यावरचा पहारेकरी आता घरी चालला होता आणि नाका उघडाच राहणार होता.

आमचा कॉम्प्युटर २०१४ सालचा. लॅमिंग्टन रोडला जाऊन सुटे भाग जोडून घेतलेला, म्हणजे त्या काळी शहाणा माणूस घ्यायचा तसा. आला तेव्हा त्याच्यात विंडोज ७ होतं. २०१६ च्या जुलैअखेरपर्यंत १० फुकट मिळत होतं म्हणून शेवटच्या आठवड्यात घेतलं. फुकट आणि शेवटचा आठवडा, या दोन गोष्टी जुळून आल्याशिवाय आमच्या हातून निर्णय होत नाही. आता ११ सुद्धा फुकटच आहे, असं कळल्यावर मी निम्मा राजी झालो होतो.

वरच्या मजल्यावरचा मुलगा केळकर कॉलेजात आहे. त्याला बोलावलं. त्याने खुर्चीवर न बसता, उभ्या उभ्याच, पोटाची गाठ तपासणाऱ्या डॉक्टरसारखा माउस फिरवला आणि म्हणाला, "काका, हा नाही होणार."

"का रे?"

"प्रोसेसर फोर्थ जनरेशनचा आहे. अकराला साधारण एट्थच्या पुढचा लागतो. शिवाय टीपीएम टू पॉइंट ओ नाहीये."

मी बायकोकडे पाहिलं. तिने तीस वर्षं शाळेच्या कचेरीत काढली आहेत, शिपायांच्या भरतीचे अर्ज छाननीला तिच्याकडे यायचे. तिला एका क्षणात कळलं. "म्हणजे आपला चौथी पास आहे," ती म्हणाली, "आणि त्यांना किमान आठवी पास हवा."

टीपीएम म्हणजे काय हे त्या मुलाने नीट सांगितलं. एक चिमुकली चिप असते, ती कुलपांच्या किल्ल्या स्वतःपाशी ठेवते, कुणी आत घुसून मूळ व्यवस्थेत ढवळाढवळ केली तर तिला कळतं. मला तर ती चाळीतल्या आजीसारखी वाटली. दाराशी बसून असते, काही करत नाही, पण कोण आलं कोण गेलं तिला ठाऊक असतं. आमच्या यंत्रात आजी नाही. तरी अकरा वर्षं चोरी झाली नाही, हे मी म्हणणार होतो, पण असं म्हणणारा माणूस सोसायटीच्या सभेत कसा दिसतो ते मी पाहिलेलं आहे.

कारण त्याच पंधरवड्यात सोसायटीतही हाच विषय होता. आमची इमारत १९७९ सालची, अठ्ठावीस बिऱ्हाडांची, आणि पुनर्विकासाला जावं की न जावं यावर सात वर्षं चर्चा चालू आहे. मुलुंड पूर्वेला मिठागर रोडवरून चालत निघालात तर हिरवी जाळी आणि पत्रे न लागता सलग शंभर पावलं जाता येणार नाही. आधी पंचाहत्तर टक्के संमती लागते म्हणून आमचं अडलं होतं, २०१९ च्या जुलैत सरकारने ती एक्कावन्नावर आणली तेव्हापासून इतर कारणांनी अडलेलं आहे. सभेतली वाक्यं मी इतकी वर्षं ऐकली आहेत की कॉम्प्युटरसमोर बसल्यावर तीच माझ्या तोंडून येऊ लागली. सामान कुठे हलवायचं? मधल्या काळात राहायचं कुठे? नवीन जागेत हवा येईल का? परत येऊ तेव्हा आपलं आहे ते सगळं मिळेल ना? आणि सगळ्यात खालच्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न, म्हणजे शेजारी तेच राहतील का?

विंडोज ११ मध्ये स्टार्टचं बटण खालच्या पट्टीच्या मध्यभागी नेलंय. ते डावीकडे परत आणता येतं, मुलाने लगेच सांगितलं. पण मूळ नकाशात ते मध्येच. १९९५ पासून मी ते खाली डाव्या कोपऱ्यात बघतोय, म्हणजे पडद्याचा वरचा भाग उत्तर धरला तर नैऋत्येला. घराच्या कर्त्याची खोली नैऋत्येला असावी असं वास्तुवाले सांगतात. त्याला तिथून उठवून दक्षिणेला आणून बसवणं बरं का? माझा वास्तूवर विश्वास नाही. हाताच्या सवयीवर आहे. अंधारात उठून पाण्याचा तांब्या कुठे आहे हे माझ्या हाताला कळतं, मला नाही.

पण खरी अडचण ना चौथीची होती ना नैऋत्येची. ती होती 'इतिवृत्त' नावाच्या फोल्डरची.

मी १९९९ ते २००८ सोसायटीचा सचिव होतो आणि इतिवृत्त मराठीतच, कॉम्प्युटरवरच, हा माझा हट्ट होता. त्या काळी मराठी टंकलेखन म्हणजे एक प्रकारचं सोंग असायचं. यंत्राला वाटायचं इंग्रजी लिहितोय, फॉन्ट त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवायचा. इथे काना, तिथे अर्धा ण, डॉलरच्या खुणेखाली एखादी वेलांटी. प्रत्येक फॉन्टचं सोंग निराळं. फॉन्ट असला की मराठी, नसला की सोंग उतरायचं आणि 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले' या ओळीच्या जागी कंस, टक्के आणि कॅपिटल-स्मॉलचा चिवडा दिसायचा. देवनागरीला स्वतःचे क्रमांक देणारं युनिकोड १९९१ पासून होतं, आणि विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा युनिकोडचा फॉन्टही आला होता. तो घडवणारे र. कृ. जोशी त्याआधी आमच्या इथून रिक्षाने जाता येईल अशा पवईच्या आयआयटीत शिकवत होते. पण मला हे कळेपर्यंत माझं सचिवपद संपलं होतं.

आता पुनर्विकासाच्या निमित्ताने त्या फायलींना एकाएकी भाव आला. तळमजल्यावरच्या एका सभासदांचं म्हणणं, जिन्याखालची जागा २००३ साली सभेने त्यांना कायमची दिली, सबब तिचंही क्षेत्रफळ नव्या घरात मिळावं. कागदी वही २००५ च्या २६ जुलैला पाण्यात गेली. ठराव उरला तो फक्त माझ्या यंत्रात, त्या सोंगाड्या फॉन्टमध्ये. यंत्र बदललं तर ठराव जाईल आणि जिना त्यांचा होईल, या धास्तीने मला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

"काका, फॉन्ट म्हणजे एक फाईल असते," मुलगा म्हणाला. "पेनड्राइव्हवर घ्या. कुठल्याही मशीनवर टाकता येईल."

दोन रात्रींच्या प्रश्नाला सात सेकंदांचं उत्तर मिळालं की माणसाला आनंद होण्याऐवजी राग येतो. मी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली नाहीत.

पुढचा मार्गही त्यानेच दाखवला. एक वर्षाची मुदतवाढ मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. एकतर तीस डॉलर भरा, नाहीतर विंडोजवाल्या कंपनीकडे हजार पॉइंट जमवलेले असतील तर ते द्या, नाहीतर कॉम्प्युटरच्या सेटिंगची एक प्रत त्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवू द्या, म्हणजे फुकट. मुदतवाढ हा शब्द ऐकून मला एकदम घरच्या माणसांत आल्यासारखं वाटलं. बँकेत चौतीस वर्षं काढल्यावर त्या शब्दाचा अर्थ मला वेगळा सांगावा लागत नाही. सेटिंग ढगात ठेवायला बायकोने हरकत घेतली नाही. "ढगात काय ठेवायचंय, तुमचा वॉलपेपर? ठेवू देत," ती म्हणाली. तिच्या माहेरच्या विहिरीचा फोटो आहे तो, हे ती विसरली असावी.

मंगळवारी, १४ तारखेला, सकाळी मी मुदतवाढीचं बटण दाबलं. संध्याकाळी सात वाजता सोसायटीची विशेष सभा होती. जुना ठराव अठ्ठावीस जणांना वाटायचं ठरलं. आमचा प्रिंटर गेल्या पावसाळ्यापासून नुसता घुरघुरतो, म्हणून मुलाने फाईल स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याला पाठवली. तिथे अर्थातच चिवडा उघडला. मग त्याने मोबाइलवरच कुठल्याशा कन्व्हर्टरमधून ती युनिकोडमध्ये फिरवून पुन्हा पाठवली, आणि साडेपाचला प्रतींचा गठ्ठा, अजून कोमट, माझ्या हातात दिला.

मी चष्मा लावला. ठराव असा होता, की तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांच्या सायकली ठेवण्यासाठी पायऱ्यांखालची जागा साऱ्या सभासदांत सामायिक राहील. जिना सुटला होता. पण फिरवाफिरवीत मराठीचा तो अर्धा, आडवा र गळाला होता आणि त्याच्या जागी सगळीकडे रफार बसला होता. तिसर्या. बिर्हाडांच्या. पायर्यांखालची. सार्या. या एका रेघेच्या फरकाने आचाऱ्यांचे आचार्य होतात, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. जेवणाचं बोलावणं चुकीच्या माणसाला जातं म्हणून. सगळ्याचा बोऱ्या वाजला असं म्हणायला गेलं, तर त्यातलाही ऱ्या उरला नव्हता.

"पीडीएफ करून पाठवायला हवी होती," मुलगा स्वतःशीच म्हणाला.

"तिकडच्या तिकडे पुन्हा काढून आण," बायको म्हणाली. पण झेरॉक्सवाल्याकडे दिवाळीच्या बिलपुस्तकांची रांग होती.

"वाचता येतंय ना?" तिने विचारलं. येत होतं. चालण्यासारखंही होतं. ज्यांना जिना हवा होता त्यांना रफाराशी काही देणंघेणं नव्हतं, आणि गणपूर्ती होईल याची कुणालाच खात्री नव्हती. तशी ती झाली नाहीच, साडेसातला सभा तहकूब झाली.

मी काळं बॉलपेन घेतलं. एका प्रतीत चार ठिकाणी, अठ्ठावीस प्रती. रफार खोडायचा, अक्षराच्या डाव्या बाजूला ती छोटी आडवी पापणी काढायची. दहाव्या प्रतीला हात बसला. पडद्यावर मागे यंत्र अपडेट उतरवून घेत होतं, त्रेचाळीस टक्के, चव्वेचाळीस टक्के. मुलगा समोर बसून दुसऱ्या पेनाने खालच्या प्रती करू लागला. त्याच्या पापण्या जरा जास्तच लांब येत होत्या.