साहेब आले, नाडी पळाली

हेल्थटेक स्टार्टअपच्या फाउंडरला आम्ही बरंच काही माफ करतो. त्यानं भोसरी एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात बीन बॅग टाकाव्यात, २३ माणसांपुढे 'टाउन हॉल' घ्यावा, 'मला सर म्हणायचं नाही' असं थेट सरांच्याच आवाजात दरडावावं. चालायचंच. पण त्या भिंतीवरचा टीव्ही काही घशाखाली उतरत नाही.

टीव्ही ५५ इंची. त्यावर क्रिकेट नाही, बातम्या नाहीत. त्यावर कर्मचाऱ्यांच्या हृदयाचे ठोके दिसतात. कंपनी मनगटाला बांधायचा पट्टा विकते (पट्टा शेन्झेनचा, पुठ्ठ्याचा खोका चाकणचा आणि 'स्वदेशी' हा शिक्का साहेबांचा), आणि आपला माल आधी आपण वापरावा या थोर विचारानं तो झाडून सगळ्यांच्या हातात अडकवलाय. पडद्यावर नाव, नावापुढे आकडा, आकड्याला रंग. ६० ते १०० म्हणजे हिरवा. त्यावर केशरी.

साहेब पावणेअकराला काचेचं दार ढकलून आत येतात आणि जवळजवळ सगळा पडदा केशरी होतो. ८० चे ११० होतात. सकाळपासून थकलेल्या बिलांचे फोन घेत बसलेला अकाउंट्सवाला थेट १२१ वर जातो. साहेब कमरेवर हात ठेवून डोळे भरून ते दृश्य पाहतात आणि म्हणतात, "बघितलंत? मी आलो की टीमची एनर्जी कशी वाढते!"

गोठ्यात बिबट्या शिरला की शेळ्यांची एनर्जीसुद्धा अशीच वाढते. पण हे सांगणार कोण? ठोके मोजणाऱ्या पट्ट्याला भीती आणि उत्साह यांतला फरक कळत नाही, ते त्याचं काम नव्हे. तो फरक ओळखायला समोर एक माणूस लागतो, आणि तो माणूस नेमका साहेबांच्या खुर्चीत बसलेला नाही. उलट साहेबांनी त्या उडीचा आलेख काढून गुंतवणूकदारांच्या सादरीकरणात सातव्या पानावर चिकटवला. नाव 'फाउंडर इफेक्ट'. ऐकतो की त्या पानावर टाळ्या पडल्या.

मग हा इफेक्ट अप्रेझलमध्ये उतरला. टेस्टिंगला एक पन्नाशीचे गृहस्थ आहेत. साहेब आले, ओरडले, फाइल आपटली, तरी यांचा आकडा ६४. 'पॅशन कमी पडते' असा शेरा बसला, वाढ अडली. बिचारे रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेतात. हृदयाची गती कमी ठेवणं हेच त्या गोळीचं काम, हे कुठल्याही औषधाच्या दुकानातला पोऱ्या सांगेल. आरोग्य कंपनीत मात्र कुणाला ठाऊक नव्हतं, कारण 'मेडिकल ॲडव्हायझर' म्हणून नेमलेले साहेबांचे मेहुणे दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी तोडगा काढला, "काका, गोळी ऑफिस सुटल्यावर घेत जा ना."

यावर कडी केली एका इंटर्ननं. हे पट्टे कातडीवर हिरवा उजेड पाडतात आणि परत आलेल्या उजेडाच्या कमीजास्तीवरून ठोक्यांचा हिशेब लावतात. समोर कातडीच आहे की आणखी काही, हे त्यांना नेहमी कळतंच असं नाही. टॉयलेट पेपरच्या गुंडाळीलाही नाडी असल्याचा निर्वाळा अशा पट्ट्यांनी देऊन झालाय. पोरानं गाडीवरून डझनभर केळी आणली, त्यातल्या एका केळ्याला पट्टा बांधला, ते ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि स्वतः गावी निघून गेला. केळं ८४. साहेब आले, केळं ८४. साहेब ओरडले, ८४. शनिवारी ८४, रविवारी ८४. सोमवारी साल काळी पडली, पण कामात खंड नाही. साहेबांनी ग्रुपवर लिहिलं, 'वीकेंडलाही ऑफिसात! शांत, एकाग्र, तक्रार नाही. याला म्हणतात ओनरशिप.' खाली २१ जणांनी अंगठे दाखवले. महिनाअखेरीस केळ्याला प्रशस्तिपत्रक मिळालं, आणि खरं सांगायचं तर या कंपनीला हवा तसा कर्मचारी आजवर तोच एक मिळाला: मुका, पिकलेला आणि पगार न मागणारा.

पगार न मागणारा यासाठी, की आपण 'फॅमिली' आहोत. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत झाला पाहिजे असं कायदा म्हणतो. फॅमिलीत तो १९ ला होतो, कधी निम्मा होतो. आठवड्याला ४८ तासांवर काम झालं तर दुप्पट दरानं ओव्हरटाइम, हेही २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात लिहिलंय. पण त्याच कायद्यानं व्यवस्थापकीय पदांवरची माणसं त्यातून वगळलीत, आणि साहेबांनी नेमकं तेवढंच वाचलं. म्हणून २३ जणांत १९ 'लीड' आहेत आणि तीन 'हेड'. उरलेला एक चहा देतो. दिवाळीपासून तोही 'हॉस्पिटॅलिटी लीड' झालाय.

आणि चाकण! साहेबांच्या डोक्यात आलं की तिथल्या कारखान्यांतल्या कामगारांना पट्टे विकायचे. मग चार लीड रोज भोसरीहून चाकणला. मोशी ओलांडलं की पुढे कंटेनर, मागे ट्रेलर, डावीकडून उलट्या दिशेनं घुसलेला टेम्पो, आणि तळेगाव चौकाच्या अलीकडे गाडी जी थांबते ती थांबते. "दादा, किती वेळ लागेल?" असं विचारलं तर ड्रायव्हर इंजिन बंद करून म्हणतो, "चाकण आहे सर. उतरा, वडापाव खाऊन या, गाडी इथंच असेल." अशा वेळी मनगटावर पट्टा थरथरतो: 'अभिनंदन! आज तुम्ही ४२ मिनिटं कार्डिओ झोनमध्ये होता.' माणूस सीटवर बसलाय, बाराची मीटिंग बुडालीय, साहेबांचे नऊ मिसकॉल आहेत, आणि पट्ट्याला वाटतंय हा धावतोय! देशाच्या मोटारी जिथं तयार होतात तिथंच मोटार पुढे सरकत नाही. रुंदीकरण आमच्या माहितीत फक्त फ्लेक्सवर झालं, तेही दर निवडणुकीला. फ्लेक्सवरचे हात जोडलेले चेहरे वर्षानुवर्षं त्याच चौकात आमच्याकडे बघून हसतायत, आणि पावसाळ्यात खड्ड्यात गेलेला दुचाकीवाला पहिली पाळी चुकली म्हणून अर्धा दिवस कापून घेतोय. बांधा एकेक पट्टा या रस्त्याला मंजुरी देणाऱ्यांच्या मनगटाला आणि सोडा त्यांना सकाळी साडेआठला मोशीपासून. बघू किती केशरी होतात.

असो. विषय टीव्हीचा होता.

सपोर्टमधल्या एका मुलीच्या आईच्या छातीत रात्री दुखू लागलं. चिंचवडच्या एका हॉस्पिटलात नेलं. कॅशलेसच्या खिडकीवर पोरीनं कंपनीचं कार्ड सरकवलं. आतल्या माणसानं दोनदा नंबर टाकून पाहिला आणि म्हणाला, "ताई, पॉलिसी बंद दाखवतेय. हप्ता भरलेला नाही." तिच्या पगारपत्रकावर दर महिन्याला 'मेडिक्लेम, पालक' म्हणून रक्कम कापलेली आहे. तिनं बांगड्या आणि मावशीची ठेव मोडून सकाळपर्यंत पैसे उभे केले. आई वाचली. रात्री दोन वाजता त्या पोरीची नाडी १३४ होती, आणि सकाळी टीव्हीवर तिच्या नावापुढे ज्वाळेचं चिन्ह झळकत होतं: 'हाय एंगेजमेंट.'

यावर विनोद सुचत नाही. कापलेले पैसे कुठे गेले, असं तिनं विचारलं तर उत्तर आलं, "आपण रनवे वाढवतोय." मग बाकीच्यांनी पीएफचं पासबुक उघडलं. चार महिन्यांपासून नोंद नाही. कर्मचाऱ्याचा वाटा पगारातून कापायचा आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा, हा नियम; कापून खिशात ठेवणं हा फौजदारी गुन्हा. पण ५५ इंची टीव्हीचा हप्ता मात्र वेळेवर जातो हो! ज्या पिंपरीत १९५० च्या दशकात पेनिसिलीन तयार होऊ लागलं, तिच्या शेजारच्या भोसरीत आज आरोग्याच्या नावानं धंदा करणारा माणूस २३ जणांचे ठोके सेकंदासेकंदाला मोजतो आणि त्यांचा विमा भरत नाही. आणि याला 'व्हिजनरी' म्हणून शाली पांघरणाऱ्यांनाही जराशी लाज असू नये?

आता पुढच्या व्हर्जनमध्ये झोप मोजणार आहेत म्हणे. पट्टा रात्रीही काढायचा नाही. टेस्टिंगच्या काकांच्या घरून निरोप आलाय की तो पट्टा बेडरूममध्ये आला तर आधी काका हॉलमध्ये जातील.

त्या मुलीनं राजीनामा दिला. नोटीस ९० दिवसांची. एचआरचं पत्र आलंय: शेवटच्या दिवशी पट्टा चार्जरसह जमा करावा, अन्यथा ४,९९९ रुपये फुल अँड फायनलमधून वळते केले जातील. तिनं उलट कळवलंय की गेल्या वर्षी सोडून गेलेल्या सहा जणांची फुल अँड फायनल अजून झालेली नाही, तेव्हा वळते नक्की कशातून करणार तेवढं लेखी द्यावं.