व्हेरी गुड

गावोगाव ओट्यावर बसलेला एक पारखी असतो. कुठे तो बैलांचा असतो, कुठे तंबाखूचा, कुठे स्थळांचा. धर्मापुरीचा आमचा पारखी रुपयांचा आहे. रुपये म्हणजे खिशातले नव्हेत. आजीच्या पेटीतले, चांदीचे, बंदे.

हा पारखी म्हणजे आबा. ते एसटीत कंडक्टर होते. चामडी पिशवीत हात घातला की न बघता आठ आणे वेगळे आणि रुपया वेगळा निघायचा, खोटं नाणं तर बोटांनाच चावायचं. निवृत्तीनंतर पिशवी जमा झाली, बोटं राहिली. मग एक भिंग आलं, सोनाराकडे असतो तसा छोटा काटा आला, आणि पुण्यातल्या कुठल्याशा प्रदर्शनातून प्लॅस्टिकमध्ये मढवलेला एक इंग्रजी तक्ता आला. त्या तक्त्याबद्दल पुढे सांगतो, कारण गावाची शांतता बरीच वर्षं त्याच्याच आधाराने टिकली होती.

नाणं घेऊन येणाऱ्याला पहिली बोलणी बसतात ती धरण्यावरून. "कडेनं धरा की! लाडू हाय का त्यो?" लोकांना रुपया फरशीवर आपटून खणखणीत वाजवून दाखवायची भारी हौस. आबा कानांवर हात ठेवतात. आपटला की कडेला पोचा पडतो आणि पोचा पडला की मोल उतरतं. स्वतः मात्र ते रुपया बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या रुपयाने हलकेच टिचकी मारतात आणि तो नाद विरेपर्यंत कुणाला खोकूसुद्धा देत नाहीत.

मग वजन. कलदार, म्हणजे राणीछाप किंवा राजाछाप, 11.66 ग्रॅम भरायला हवा. निजामाचा हाली थोडा हलका, 11.18 च्या आसपास. त्यातही कलदारात शंभरात जवळजवळ 92 भाग चांदी आणि हालीत 82. म्हणून त्या काळी 100 कलदारांना 116 हाली रुपये, 10 आणे, 8 पै मोजावे लागत. हा भाव आबा शाळेतल्या पाढ्यासारखा म्हणतात, आणि ऐकणारा गोंधळला की सोपं करतात, "सात हाली, सहा कलदार. झालं!" मराठवाड्यातल्या माणसाला इंग्रजी मुलखात पाऊल टाकताच सातातला एक रुपया हवेत जायचा, याचं दुःख त्यांना अजून आहे, जरी मराठवाडा 1948 साली, त्यांच्या जन्माआधीच मोकळा झाला.

एकदा शेजारच्या वस्तीवरचे एक पाटील चारमिनारचा रुपया घेऊन आले. उर्दू जाणणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून त्यांनी साल वाचून आणलं होतं : 1337. "आबा, सातशे वर्षांचा हाय. आपल्या केदारेश्वराच्या देवळाला जवळपास जोडीदारच!" देऊळ कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं, तेव्हा पाटलांचा हिशेब भावनेच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. आबांनी भिंग लावलं. कमानीत निजाम उस्मान अलीच्या नावातलं 'ऐन' अक्षर दाखवलं. मग कागदावर आकडेमोड केली आणि निकाल दिला, "साल हिजरी हाय. इंग्रजीत 1918 चा शेवट, न्हाईतर 1919." पाटलांचा चेहरा पडला. एका दमात कुणी सहाशे वर्षांनी तरुण केलं तर आनंद व्हायला हवा, पण रुपयाच्या बाबतीत तसं होत नाही.

दुसरा एकजण आला, त्याचा रुपया म्हणे नांगराला लागला. आबांनी तो हातात घेतलाच नाही. जमिनीत सापडलेली वस्तू 10 रुपयांहून जास्त किमतीची असेल तर कलेक्टरला कळवावी लागते, असा 1878 चा कायदा आहे, आणि कंडक्टरकीत आयुष्य गेलेल्या माणसाला तपासणीची भीती मरेपर्यंत जात नाही. त्या गृहस्थाने मार्ग काढला, "मग नऊ रुपयांचा म्हणा की." तेव्हापासून गावात रुपये नांगराला कमी आणि आजीच्या पेटीत जास्त सापडतात.

मोबाइलवर 'हे नाणं विका, लाखो मिळवा' असं वाचून येणारे वेगळे. त्यांना आबा चहासुद्धा पाजत नाहीत. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये असल्या ठकांपासून सावध राहायला सांगितलं होतं, एवढं ऐकवून वाटेला लावतात.

आता निकाल. राणीच्या कानावरचे केस, मुकुट, पोशाखाची वेलबुट्टी, म्हणजे जे जे उंच तिथे झीज आधी दिसते. 1911 च्या राजाछाप रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती सोंड आखूड असल्याने डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी हत्ती दुरुस्त झाला. पण आमच्याकडे येणारे रुपये माळेत ओवून, कडी लावून, चिंच आणि रांगोळीने दर दिवाळीला घासून इतके गुळगुळीत झालेले असतात की हत्ती आणि डुक्कर दोघांनाही सारखाच मोक्ष मिळालेला असतो. आबा असा रुपया बराच वेळ फिरवतात, कडीच्या जागेवर नख ओढतात, उसासा टाकतात आणि गंभीरपणे म्हणतात, "व्हेरी गुड."

मालक हरखतो. पाटलांनी तर पेढे वाटले होते. रुपया तरुण निघाला, पण व्हेरी गुड निघाला!

हळूहळू आबा सगळ्यालाच दर्जा देऊ लागले. भाच्याची कविता, व्हेरी गुड. सरपंचांचं भाषण, व्हेरी गुड. चुलत्याच्या मुलीला बघायला आलेलं स्थळ, क्षणभर विचार करून, "गुड." लग्न झालं. देवळाच्या भिंतीवरच्या सुरसुंदऱ्यांसमोर मात्र ते चप्पल काढून उभे राहतात आणि नाक झिजलेल्या एकीकडे बघत पुटपुटतात, "व्हेरी फाइन. कुनी घासली न्हाई म्हनून." गावाला वाटलं, त्या दगडी बाईंपेक्षा जावई थोडाच कमी भरला, हरकत नाही.

हे सगळं मोडलं सुट्टीला आलेल्या नातीने. तिने तो तक्ता वाचला. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने 1949 साली तिकडच्या जुन्या सेंटसाठी 70 गुणांची पट्टी काढली, तिच्यावरच हा तक्ता बेतलेला. 70 म्हणजे निर्दोष. 60 पासून पुढे जे कधी चलनात आलंच नाही ते, त्याला यूएनसी म्हणायचं. फाइनला 12. आणि व्हेरी गुडला 70 पैकी 8. गुडला 4.

"आबा, गुड म्हणजे नुसती आकृती उरलेली!"

ओट्यावर शांतता पसरली. जो तो आपापला निकाल आठवत होता. चुलते उठून घरी गेले, जावयाला फोन लावायला असावा. पाटलांनी पेढ्यांचा खर्च काढला. आबांचा बचाव एकच होता, आणि तो खरा होता, "मी एक शबूद खोटा बोल्लो न्हाई. तुमीच खुश झाला."

पण खरी सुनावणी संध्याकाळी झाली. चाळीस वर्षं येसर आमटीचा पहिला भुरका मारून आबा जे म्हणत आले होते, ते आजीच्याही लक्षात आलं होतं. ती पाट मांडून समोर बसली, वाटी पुढे सरकवली आणि काही न बोलता बघत राहिली. आबांनी भुरका मारायचंही धाडस केलं नाही.

"यूएनसी!" ते घाईने म्हणाले.

"म्हंजी?"

"कधी चलनातच आली नाही अशी," नात तक्ता बघून म्हणाली.

"मग ऱ्हाऊ दे तशीच," म्हणत आजीने वाटी उचलून आत नेली.