नायकाची आई

अभिनेत्री अँजेला लॅन्सबरी आणि माझ्यात एक साम्य आहे, असं मी म्हटलं की घरातले एकेक जण पाणी प्यायला उठतात. पण साम्य आहेच! आम्हा दोघींनाही वेळेआधी आई केलं. तिला हॉलिवूडनं, मला आमच्या हौशी नाट्यसंस्थेनं.

'गॅसलाइट'मधली उर्मट मोलकरीण करताना ती अठराच्या आसपास होती. पहिलाच चित्रपट आणि थेट ऑस्करचं नामांकन. आता नायिका नक्की, असं कुणालाही वाटलं असतं. तर बाविशीत तिला वृत्तपत्राची प्रौढ मालकीण केली. 1961मध्ये 'ब्लू हवाई'त ती एल्विस प्रेस्लीची आई झाली, तो तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. पुढच्याच वर्षी 'द मांचुरियन कँडिडेट'मध्ये लॉरेन्स हार्वेची, तो जेमतेम तीन वर्षांनी. आपल्याकडे 'वास्तव'मधल्या रीमा लागू आणि संजय दत्तमध्ये तर धड सव्वा वर्षाचंही अंतर नाही. माझे नाटकातले चिरंजीव माझ्यापेक्षा मोठे आहेत, मिशा रंगवतात आणि माझ्या पाया पडताना गुडघा धरतात.

या नायकमंडळींना वय नसतंच का हो? राग येतो तो याचा. त्यातून लॅन्सबरीनं 'मांचुरियन'मध्ये अशी थंड डोक्याची, पोटच्या पोराला हत्यार म्हणून वापरणारी आई उभी केली, की नायक कोण होता ते आठवावं लागतं.

मग साठीच्या उंबरठ्यावर, 1984मध्ये, 'मर्डर, शी रोट' ही टीव्ही मालिका आली. त्यात ती जेसिका फ्लेचर: निवृत्त शिक्षिका, विधवा, रहस्यकथा-लेखिका. गाडी चालवत नाही, सायकलवर हिंडते. कॅबट कोव्ह हे तिचं चिमुकलं गाव. तिथे इतके खून पडतात की मतदारयादी कशी करत असतील देव जाणे. बाहेरगावी गेली तर तिथेही मुडदा पडतो, तरी लोक तिला जेवायला बोलावतात! मी यजमानीण असते तर आधी विम्याचा हप्ता भरला असता, मगच कुकर लावला असता. आणि शेरीफ? दरवेळी भलत्यालाच धरतो, तरी नोकरी शाबूत.

मला भावतं ते वेगळंच. जेसिकाला मूलबाळ नाही. कुणाचीही आई नसलेली ही बाई बारा वर्षं मालिकेची मालकीण होती.

बाराही वर्षं लॅन्सबरीला एमीचं नामांकन मिळालं, बाराही वर्षं हात हलवत परत. मला एकदा अभिनयाचं उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्रक मिळालंय. दिवाणखान्यात लावलंय. पंख्याच्या वाऱ्यानं सारखं वाकडं होतं, म्हणून उन्हाळ्यात आम्ही पंखा दोनवरच ठेवतो.