खालून येणारा पाऊस

सभ्य धबधबे खाली पडतात. नाणेघाटातल्याला ते मान्य नाही. पाणी कड्याच्या टोकापर्यंत जातं, खाली कोकण बघतं आणि माघारी फिरतं. दोष वाऱ्याचा. कोकणातून सुसाट आलेला मोसमी वारा उभ्या कड्यावर आपटतो, पुढे वाट नाही म्हणून वर चढतो आणि पडू पाहणारं पाणी उचलून पठारावर फेकतो. पठारावर आपण असतो, डोक्यावर छत्री धरून. पाऊस येतो पायांकडून.

आमचे भावोजी भूगोलाचे निवृत्त शिक्षक. असल्या वाऱ्यातही त्यांनी तास घेतला. "हा सगळा बेसाल्ट! 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून इथे लाव्हा वाहत होता. थरावर थर!"

"साट्याच्या करंजीसारखे?" ताईने विचारलं.

भावोजींना उपमा पटली, पण तसं कबूल करणं त्यांच्या पेशात बसत नव्हतं. त्यांनी धुक्यात बोट रोखलं. "तो जीवधन. त्याला लागून तो सुळका, वानरलिंगी." आम्हाला पांढरं दिसत होतं. त्याचेच सर्वांनी फोटो काढले. धबधबाही दिसला नाही म्हणा, नुसता लागला.

भिजल्यावर माणसं इतिहासाकडे वळतात, कारण लेणं कोरडं असतं. तिथे सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ कोणते केले, दक्षिणेत गायी, घोडे, हत्ती, नाणी किती दिली, सगळं नोंदवलेलं. देणगीदाराचं नाव दगडावर कोरायची आपली हौस तेव्हापासूनची. बेसाल्ट चिवट, म्हणून पावती 2000 वर्षं टिकली. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण. आम्ही बघायला वाकलो तेवढ्यात एक मुलगा आला आणि गाडी लावल्याचे पैसे मागू लागला. सातवाहन गेले, वसुली चालू आहे.

भावोजी पुन्हा कड्याकडे निघाले. वाऱ्याची दिशा प्रात्यक्षिकाने दाखवायची होती. कठड्यापाशी त्यांनी हात वर केला मात्र, टोपी उडाली आणि आमच्या डोक्यांवरून मागे थेट भजीच्या टपरीत शिरली. टपरीवाल्या मावशींनी ती झाऱ्यानेच अलगद बाजूला सारली.

"सर, वारा कळला," त्या म्हणाल्या. "आता कांदा का बटाटा, तेवढं सांगा."