शॉकअपची जमाबंदी

ज्या मोटारसायकलीवर पहाटे दुधाच्या किटल्या, नऊ वाजता एकटा कारकून आणि सायंकाळी सहकुटुंब सहपरिवार लवाजमा आरूढ होतो, तिच्या मागील शॉकअपवरील पाच खाचांच्या कडीने कारखान्यात मिळालेल्या खाचेवर वाहन भंगारात जाईपर्यंत अढळपद भोगावे, हा आपल्याकडील रिवाज कितीही पवित्र असला, तरी यंत्रशास्त्राला तो मंजूर नाही, असे सखेद नमूद करणे प्राप्त आहे.

सबब प्रथम बोजाची पाहणी करावी. स्वारी करणाऱ्या इसमाने तोंडी सांगितलेले वजन पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये. दोन भरवशाच्या शेजाऱ्यांना पाचारण करून गाडी मोठ्या स्टँडवर चढवावी, आणि मागचे चाक अधांतरी लोंबत असता त्याच्या आसापासून वरच्या एखाद्या स्थिर खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. नंतर गाडी जमिनीवर घेऊन एकाने हँडल धरावे, मालकाने दोन्ही पाय वर घेऊन विराजमान व्हावे आणि दुसऱ्याने पुनश्च मोजणी करावी. दोहोंतील फरक चाकाच्या वर-खाली होण्याच्या एकूण चालीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका असावा. जास्त भरल्यास कडी चढवावी, कमी भरल्यास उतरवावी, आणि दोन्ही बाजू एकाच खाचेवर असल्याची खातरजमा केल्याविना पान्हा खाली ठेवू नये. कडी चढविल्याने स्प्रिंग कडक होते, या गॅरेजमान्य सिद्धान्तास आधार नाही. साध्या स्प्रिंगेचा स्वभाव तोच राहतो, गाडी मात्र उंच बसते आणि खड्ड्यासाठी चाल शिल्लक उरते. मागची बाजू फार खचली की पुढच्या चाकावरील भार घटतो, आणि वरंध घाटातील वळणावर गाडी बाहेरची वाट धरू पाहते. एका खड्ड्यानंतर ती बराच वेळ डोलत राहिली, तर मात्र शॉकअपातील तेलाने इहलोक सोडला असे समजावे. तेथे कडी फिरविणे म्हणजे मयताच्या नावे समन्स काढणे होय.

टायरचे प्रकरण अधिक नाजूक, कारण त्यात गल्लीतील प्रत्येकास मत असते. आणि 1888 साली बेलफास्ट येथे मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर सिद्ध करणारे डनलॉपसाहेब पेशाने गुरांचे डॉक्टर होते हे ध्यानी घेता, किराणा दुकानदारास या विषयात अधिकार नाही असे म्हणण्याची सोय उरत नाही. त्याचे मत बहुधा ‘रुंद टायर घाला’ हेच असते. अरुंद रिमवर रुंद टायर चढविला की त्याच्या कडा आत ओढल्या जाऊन घडण बिघडते, गाडी कलविण्यास जड होते आणि प्रसंगी टायर चेनला घासतो. परंतु चहाच्या टपरीपुढे ती भारदस्त दिसते, हा लाभ नाकारता येणार नाही.

ज्यास भारदस्तपणाहून वळण प्रिय असेल, त्याने टायरच्या अंगावरील शिलालेख वाचावा. 100/90-17 55 पी याचा अर्थ रुंदी 100 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 90 टक्के, रिम 17 इंची, भार 218 किलो आणि वेगमर्यादा ताशी 150 किलोमीटर. त्याच अंगावरील कारखान्याच्या संकेताचे शेवटचे चार अंक 2319 असे आढळल्यास ते संवत्सर नसून टायर बनल्याचा 2019 सालातील 23वा आठवडा आहे. दुकानदार ‘कालच आलाय’ म्हणतो ते दुकानात आल्याविषयी खरे असू शकते. हवा टायर थंड असता, मालकपुस्तिकेतील आकड्याबरहुकूम भरावी.

नवा टायर प्रारंभी निसरडा असल्याने पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सौम्यपणे कंठावे. आणि त्या अवधीत उपरोक्त किराणा दुकानदारास मागे बसवून नेणे अपरिहार्य ठरल्यास, निघण्यापूर्वी कडी दोन खाचा चढवावी.